खेळाडूची किंमत, ट्रेड आणि अंतिम अकरा: आयपीएलवरचा वाद नीट कसा घालावा

नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला गेला, म्हणजे दोन संघांत ‘ट्रेड’ (खेळाडूंची अदलाबदल) झाला, तेव्हा चार क्रिकेटवेडे जमतील तिथे एकच प्रश्न होता: फायदा कोणाचा झाला? उत्तरं लगेच यायची, तावातावाने यायची. पण नीट ऐकलं तर कळायचं की प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. एकाला दोघांत मोठा खेळाडू कोण ते ठरवायचं होतं, दुसऱ्याला जडेजाच्या चेन्नईतल्या वर्षांबद्दल बोलायचं होतं, तिसरा नुसते कोटी मोजत होता. असा वाद रात्रभर चालतो आणि कुणालाच काही पटत नाही.

मला या वादांची मनापासून आवड आहे. खेळ पाहण्याइतकाच त्यावर भांडण्यात आनंद आहे, आणि म्हणूनच ते भांडण चांगलं व्हावं असं वाटतं. खाली सांगितलेल्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे. खेळाडूचं मोल हवेत ठरत नाही. तो नसता तर त्याच्या जागी कोण खेळला असता आणि त्याच्यावर लावलेल्या पैशात आणखी काय मिळालं असतं, या दोन गोष्टींशी तुलना केल्यावरच ते ठरतं.

पहिली पायरी: नेमका प्रश्न कोणता, ते आधी ठरवा

‘अमुक खेळाडू भारी आहे की नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. तो गुणवान आहे का? आपल्या संघाने या किमतीत त्याला घ्यावं का? आणि उद्याच्या सामन्यात त्याला खेळवावं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि उरलेल्या दोघांचं ‘नाही’ असू शकतं.

डेव्हिड वॉर्नर घ्या. त्याच्या नेतृत्वाखाली हैदराबादने २०१६ चं विजेतेपद मिळवलं, हंगामात सर्वाधिक धावा करणाऱ्याला मिळणारी ऑरेंज कॅप त्याने तीनदा पटकावली. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाह लिलावात मात्र त्याच्यावर कुणी बोली लावली नाही. वॉर्नर एकाएकी वाईट फलंदाज झाला, असा याचा अर्थ नाही. अडतिशीतला परदेशी सलामीवीर घ्यायचा म्हणजे चारपैकी एक परदेशी जागा खर्च करायची, आणि सलामीला चांगले भारतीय फलंदाज उपलब्ध होते. गुणवत्तेच्या प्रश्नाचं उत्तर एक, संघबांधणीच्या प्रश्नाचं वेगळं.

म्हणून वाद सुरू होताच समोरच्याला विचारा: ‘आपण यांतल्या कोणत्या प्रश्नावर बोलतोय?’ अर्धी भांडणं इथेच मिटतात, आणि उरतात ती खरी रंगतदार असतात.

दुसरी पायरी: नाव बाजूला ठेवा, भूमिका लिहा

टी-ट्वेंटीत ‘फलंदाज’ आणि ‘गोलंदाज’ हे शब्द फार ढोबळ आहेत. डावाचे तीन भाग पाडा: पहिली सहा षटकं पॉवरप्लेची, सातव्यापासून पंधराव्यापर्यंतची नऊ मधली, आणि शेवटची पाच डेथची. आता खेळाडूची भूमिका एका वाक्यात लिहून पाहा. ‘बहुतेकदा चौदाव्या षटकानंतर येतो, पंधरा-वीस चेंडू खेळतो, वेगवान गोलंदाजांवर तुटून पडतो, लेगस्पिनरपुढे अडखळतो.’ गोलंदाजाचंही तसंच: ‘नव्या चेंडूने दोन, शेवटी दोन, चेंडू स्विंग झाला नाही तर महागात पडतो.’

असं वाक्य लिहिता येत नसेल तर त्या खेळाडूचे सामने आपण पुरेसे पाहिलेले नाहीत, एवढं लक्षात घ्यावं. दोघांची वाक्यं वेगळी निघाली तर त्यांची थेट तुलनाच होत नाही. सलामीवीराच्या सहाशे धावा आणि फिनिशरच्या अडीचशे धावा शेजारी ठेवून ‘बघा, दुपटीहून जास्त’ म्हणण्यात काही अर्थ नाही. एकाला १२० चेंडूंचा अख्खा डाव मोकळा असतो, दुसऱ्याच्या वाट्याला वीस चेंडू येतात.

भूमिका बदलली की तोच खेळाडू वेगळ्या मोलाचा होतो. सुनील नारायण २०१७ मध्ये पहिल्यांदा कोलकात्यासाठी सलामीला आला. पुढे काही हंगाम तो तळाला खेळला आणि फिरकीपटू म्हणूनच मोजला गेला. २०२४ मध्ये त्याला पुन्हा सलामीला पाठवलं. त्या हंगामात ४८८ धावा आणि १७ बळी, आणि कोलकाता विजेते. मनगट तेच, बॅट तीच, फक्त जागा बदलली. म्हणून एखाद्या खेळाडूवर निकाल देण्याआधी हे जरूर विचारा, की त्याला योग्य जागी खेळवलं जातंय का.

तिसरी पायरी: आकडे वाचा, पण हिशेब पूर्ण करा

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून जरा थांबून एक कल्पित उदाहरण सोडवू.

एका हंगामात पहिला फलंदाज ३४६ चेंडूंत ४५० धावा करतो आणि ११ वेळा बाद होतो. सरासरी जवळपास ४१, स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) १३०. दुसरा २०० चेंडूंत ३४० धावा करतो, १३ वेळा बाद होतो. सरासरी २६, स्ट्राइक रेट १७०. धावांच्या यादीत पहिला खूप वर दिसेल, आणि चाहते त्याच्याच बाजूने उभे राहतील.

पण दुसऱ्याने १४६ चेंडू कमी वापरले. ते चेंडू वाया जात नाहीत, संघातला दुसरा कुणीतरी ते खेळतो. बाकीचे फलंदाज दीडशेच्या स्ट्राइक रेटने खेळतात असं धरलं, तर त्या चेंडूंत २१९ धावा झाल्या. म्हणजे पहिल्याने घेतलेल्या ३४६ चेंडूंत दुसऱ्याच्या संघाच्या ५५९ धावा झाल्या. फरक १०९ धावांचा. १४ सामन्यांत सामन्यामागे जवळजवळ आठ धावा. टी-ट्वेंटीत आठ धावांनी बरेच सामने फिरतात.

याची किंमत विकेटमध्ये मोजावी लागते. बाकीचे फलंदाज २८ च्या सरासरीने खेळत असतील, तर त्या २१९ धावांसाठी सुमारे आठ विकेट गेल्या, आणि दोन या फलंदाजाच्या स्वतःच्या जास्तीच्या. एकूण दहा विकेट, १४ सामन्यांत मिळून. वीस षटकं संपताना ज्या संघाच्या हातात सहसा तीन-चार विकेट शिल्लक असतात, त्याला हा सौदा परवडतो. ज्या संघाची फलंदाजी सहाव्या क्रमांकाला संपते, त्याला परवडत नाही. तिथे पहिला फलंदाजच मोलाचा. म्हणजे तेच आकडे दोन संघांत दोन वेगळी उत्तरं देतात.

वर्षाचा आणि मैदानाचा संदर्भही जोडावा लागतो. २०२४ चा हंगाम गोलंदाजांना फार जड गेला. हैदराबादने बेंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ केल्या त्या याच हंगामात. त्याच वर्षी जसप्रीत बुमराहची इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) ६.४८ होती आणि त्याने २० बळी घेतले. साडेसहाचा हा आकडा एरवीही उत्तमच, पण ज्या वर्षी दोनशे धावा सहज पार होत होत्या त्या वर्षी तो वेगळ्याच पातळीवर जातो. गोलंदाजाची तुलना त्या हंगामाच्या, शक्यतो त्याच सामन्यांतल्या इतर गोलंदाजांशी करा. फलंदाजांना धार्जिण्या बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर घरचे सामने खेळणाऱ्याची नऊची इकॉनॉमी आणि फिरकीला साथ देणाऱ्या चेन्नईच्या चेपॉकवर फिरकी टाकणाऱ्याची साडेसात यांतलं अंतर दिसतं तेवढं नसतं.

चौथी पायरी: किती चेंडूंवरून बोलतोय ते मोजा

‘तो शेवटच्या षटकांत मार खातो’ असं आपण छातीठोकपणे म्हणतो. डेथमध्ये सामन्याला दोन षटकं टाकणारा गोलंदाज चौदा सामन्यांत २८ षटकं टाकतो. नऊच्या गतीने त्याने २५२ धावा दिल्या. आता त्यातलं फक्त एक षटक बिघडू द्या: नऊऐवजी २८ धावा. इकॉनॉमी थेट ९.६८ वर जाते. एका रात्रीतल्या सहा चेंडूंनी अख्ख्या हंगामाचं चित्र बदललं.

फलंदाजाचं उलट्या दिशेने होतं. २०२५ मध्ये ऋषभ पंतच्या हंगामभरात २६९ धावा झाल्या. त्यातल्या ११८ शेवटच्या साखळी सामन्यातल्या नाबाद खेळीच्या. बाकीच्या सगळ्या डावांत मिळून १५१. सरासरी २४ दिसते, पण त्याचे बहुतेक डाव त्या सरासरीच्या जवळपासही नव्हते.

यावर साधा उपाय असा: शेवटचे तीन हंगाम बघा आणि ताज्या हंगामाला जास्त वजन द्या. सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट अशी एकेक खेळी काढून उरलेलं पाहा. वय जोडा. वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत दुखापतींचा इतिहास जोडा, कारण न खेळलेला सामना सरासरीत दिसत नाही, पर्समधून, म्हणजे खेळाडूंवर खर्चायला संघाला ठरवून दिलेल्या रकमेतून, गेलेले पैसे मात्र दिसतात.

पाचवी पायरी: त्याच्या जागी कोण?

अंतिम अकरात जास्तीत जास्त चार परदेशी आणि २५ जणांच्या चमूत जास्तीत जास्त आठ, हा नियम आयपीएलचा सगळा बाजार घडवतो. परदेशी सलामीवीर जगभरात भरपूर आहेत. १४० च्या वेगाने टाकणारा आणि सहाव्या क्रमांकावर फटकेबाजी करणारा भारतीय अष्टपैलू मोजकाच. हार्दिक पंड्याला गुजरातकडून ट्रेडमध्ये आणण्यासाठी मुंबईने नोव्हेंबर २०२३ मध्ये एवढी उठाठेव का केली, याचं उत्तर इथे आहे. तो खेळला की संघाला सहावा गोलंदाज मिळतो, खालची फलंदाजी लांबते आणि परदेशी जागा मोकळी राहते. एकाच खेळाडूने तीन गोष्टी साधतात.

म्हणून मोल ठरवताना त्याच भूमिकेतले आणखी चार जण लिहून काढा, जे खरोखर मिळू शकतात. पाचव्या क्रमांकाचा पर्याय पहिल्याच्या ऐंशी टक्के काम एक-दोन कोटींत करत असेल, तर पहिल्यासाठी पंधरा कोटी मोजणं अवघड आहे. पर्याय एकदम निम्म्यावर घसरत असेल, तर पंधरा कोटीही रास्त. डावखुरे वेगवान गोलंदाज, भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज आणि शेवटच्या षटकांत यॉर्कर टाकणारे भारतीय गोलंदाज महाग का जातात, याचं आश्चर्य मग वाटत नाही.

सहावी पायरी: बोली आणि मोल वेगळे ठेवा

लिलावातली किंमत घेणारा एकटा ठरवत नाही. शेवटपर्यंत हात वर ठेवणारा दुसरा संघ ती ठरवतो. ज्या क्षणी दोन संघांना एकच गोष्ट हवी असते आणि दोघांकडे पैसे असतात, त्या क्षणी आकडा उडतो. तोच खेळाडू तासाभराने आला असता तर निम्म्यात गेला असता, असंही घडतं.

मिनी लिलावात, म्हणजे दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या वर्षांत होणाऱ्या छोट्या लिलावात, तर हे ठळक दिसतं. संघांनी मुख्य खेळाडू आधीच राखलेले असतात, बाजारात चांगली नावं थोडी आणि काही पर्समध्ये पैसे भरपूर. मिचेल स्टार्क डिसेंबर २०२३ मध्ये २४.७५ कोटींना गेला आणि कॅमेरॉन ग्रीन डिसेंबर २०२५ मध्ये २५.२० कोटींना, दोन्ही वेळा घेणारं कोलकाता आणि दोन्ही मिनी लिलाव. ग्रीनच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवा: मिनी लिलावात परदेशी खेळाडूला प्रत्यक्षात जास्तीत जास्त १८ कोटी मिळतात, वरची रक्कम बीसीसीआयकडे खेळाडूंच्या कल्याणासाठी जाते. संघाच्या पर्समधून मात्र पूर्ण बोली वजा होते. म्हणून ‘ग्रीनला २५ कोटी मिळाले’ हे चूक, आणि ‘कोलकात्याने २५ कोटी खर्च केले’ हे बरोबर.

वेगवेगळ्या वर्षांच्या किमती शेजारी ठेवायच्या असतील तर कोटी सोडून पर्समधला वाटा काढा. लिलावात ऋषभ पंतवर लागलेले २७ कोटी म्हणजे १२० कोटींच्या पर्समधले साडेबावीस टक्के. स्टार्कचे २४.७५ कोटी १०० कोटींच्या पर्समधले, म्हणजे पावणेपंचवीस टक्के. २००८ च्या पहिल्या लिलावात चेन्नईने महेंद्रसिंग धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले, आणि तेव्हा संघाकडे एकूण ५० लाख डॉलर होते. तीस टक्के! आयपीएलमधली सगळ्यात धाडसी बोली कोणती, यावर वाद झाला तर माझं मत धोनीच्या बाजूने आहे, आणि ते या टक्क्यांमुळे.

आता उरलेल्या पैशांचाही विचार करा. १२० कोटी २५ जणांत वाटले तर माणशी ४.८ कोटी. १८ कोटींचे दोघे घेतले की उरलेल्या २३ जणांसाठी माणशी साडेतीन कोटींच्या आसपासच राहतात. मोठं नाव घेताना कोणता सातवा, आठवा, नववा खेळाडू हातचा जातोय, ते समोर मांडलं तरच चर्चेत दम येतो.

यातला एकच रस्ता बरोबर असंही नाही. २०२५ च्या हंगामाआधी मुंबईने बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक या पाच जणांसाठी ७५ कोटी बाजूला काढले, आणि लिलावात ४५ कोटी घेऊन बसली. पंजाबने फक्त शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग यांना राखलं आणि ११०.५ कोटी घेऊन लिलावात उतरलं. दोन टोकांची धोरणं, आणि त्या हंगामाच्या दुसऱ्या क्वालिफायरमध्ये, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या लढतीत, हेच दोन संघ समोरासमोर आले.

सातवी पायरी: ट्रेडची चार रकान्यांची वही

ट्रेडवर बोलण्याआधी नियम थोडक्यात. खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. अदलाबदल होऊ शकते किंवा सगळा व्यवहार पैशांत होऊ शकतो. येणाऱ्या खेळाडूचं मानधन घेणाऱ्या संघाच्या पर्समधून वजा होतं आणि देणाऱ्याच्या पर्समध्ये जागा होते. पद्धत जुनीच आहे. २००९ मध्ये झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बेंगळुरूला गेला होता.

आता कागदावर दोन्ही संघांसाठी चार रकाने आखा: गेलेली भूमिका, आलेली भूमिका, पर्समधला फरक, परदेशी जागांतला फरक. सॅमसन-जडेजा व्यवहार यात भरून पाहू.

चेन्नईकडून १८ कोटींचा जडेजा आणि २.४० कोटींचा सॅम करन गेले. १८ कोटींचा सॅमसन आला. म्हणजे पर्समध्ये २.४० कोटी मोकळे झाले, एक परदेशी जागाही मोकळी झाली. गेलं काय? चार षटकं बिनघोर टाकणारा डावखुरा फिरकीपटू, खालच्या क्रमांकाचा फलंदाज, आणि जगातल्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक. आलं काय? वरच्या फळीतला भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज, म्हणजे धोनीनंतर यष्टींमागे कोण, या वर्षानुवर्षं लोंबकळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर.

राजस्थानकडून १८ कोटींचा सॅमसन गेला. जडेजाचं मानधन या व्यवहारात १८ वरून १४ कोटींवर आलं, त्यात करनचे २.४० मिळवून १६.४० कोटी झाले. १.६० कोटी मोकळे, एक परदेशी जागा भरली. कर्णधार गेला, पण एका फलंदाजाच्या बदल्यात दोन अष्टपैलू आले.

वयाचा रकाना मी नेहमी पाचवा म्हणून जोडते. २०२६ च्या हंगामात जडेजा ३७ वर्षांचा आणि सॅमसन ३१ चा. हे दोन वर्षांसाठीचं गणित आहे की सहा वर्षांसाठीचं, ते इथे कळतं.

एवढ्यावर थांबू नका. ट्रेडची खरी किंमत पुढच्या लिलावात दिसते, कारण पडलेलं भगदाड तिथे बुजवावं लागतं. डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर या अनकॅप्ड (भारताकडून अजून न खेळलेल्या) खेळाडूसाठी १४.२० कोटी मोजले. तो डावखुरा फिरकी टाकणारा अष्टपैलू आहे, जडेजाच्याच पठडीतला. मग चेन्नईच्या बाजूचा हिशेब असा मांडावा लागतो: जडेजा आणि करन देऊन सॅमसन आणि प्रशांत वीर आले, आणि वर बारा कोटींच्या आसपास गेले. हे महाग की स्वस्त यावर खुशाल वाद घाला, पण सगळे आकडे टेबलावर ठेवून.

माझं मत विचाराल तर चेन्नईचा निर्णय पटणारा आहे. वय वाढत चाललेल्या संघाला पुढच्या पाच-सहा वर्षांचा आधार हवा होता, आणि भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज लिलावात याहून स्वस्त मिळण्याची शक्यता कमीच होती. राजस्थानचा निर्णयही मूर्खपणाचा नव्हता. मधल्या षटकांत गोलंदाजीची त्यांना गरज होती. ट्रेडमध्ये दोघांचाही फायदा होऊ शकतो, कारण दोघांच्या गरजा वेगळ्या असतात. ‘कोण फसलं’ याच प्रश्नाने सुरुवात केली तर ही शक्यता डोळ्यांआड होते.

निकाल कधी लावायचा, हेही आधी ठरवा. हार्दिकला आणून कर्णधार केल्यावर २०२४ मध्ये मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिली. ट्रेड फसला, असं सगळेच म्हणाले. पुढच्याच वर्षी मुंबई प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) होती आणि हरणारा बाहेर जातो त्या एलिमिनेटर सामन्यात तिने हरवलं ते हार्दिकच्याच जुन्या संघाला, गुजरातला. दोन वर्षांत दोन निकाल. त्यातही हार्दिक येण्यासाठी पर्समध्ये जागा करायला १७.५० कोटींचा ग्रीन बेंगळुरूला दिला गेला होता, ही बाजू बहुतेक चर्चांतून गळून पडते.

आठवी पायरी: अंतिम अकरा वीस षटकांपासून बांधा

आपण अकरा जणांची यादी सलामीवीरापासून लिहायला घेतो आणि सहा-सात फलंदाज लिहून झाल्यावर उरलेल्या जागांत गोलंदाज कोंबतो. उलट करून पाहा. कागदावर १ ते २० आकडे लिहा आणि प्रत्येक षटकासमोर नाव टाका. पॉवरप्लेची सहा कोण टाकणार, मधल्या नऊंत किमान दोन प्रकारची फिरकी आहे का, शेवटच्या पाचांत चार षटकं तरी भरवशाची आहेत का. एखादा गोलंदाज महागात पडला तर त्याची दोन षटकं कुणाकडे जाणार? हे भरताना ज्या रिकाम्या जागा दिसतात त्याच संघाच्या खऱ्या अडचणी. मग फलंदाजी बसवा.

फलंदाजीचा क्रम आकड्यांनी ठरवू नका. ‘चौथ्या क्रमांकावर कोण’ यापेक्षा ‘दुसऱ्या षटकात विकेट पडली तर कोण, आणि तेराव्यात पडली तर कोण’ हा प्रश्न जास्त कामाचा. समोर डावखुरा फिरकीपटू किंवा लेगस्पिनर टाकत असेल तर डावखुरा फलंदाज वर पाठवण्यात अर्थ असतो, कारण चेंडू त्याच्याकडे आत वळतो.

२०२३ पासूनच्या इम्पॅक्ट प्लेअर नियमामुळे प्रत्यक्षात बारा जणांचा संघ निवडावा लागतो. नाणेफेकीच्या वेळी अकरा जणांसोबत पाच राखीव नावं द्यायची, त्यांतला एक मैदानात येऊ शकतो, आणि ज्याच्या जागी तो येतो त्याला परत खेळता येत नाही. अकरात चार परदेशी असतील तर इम्पॅक्ट प्लेअर भारतीयच हवा. म्हणून दोन याद्या लिहा, आधी फलंदाजी आली तर एक आणि आधी गोलंदाजी आली तर दुसरी. रात्री दव पडणार असेल तर दुसऱ्या डावात ओला चेंडू फिरकीपटूच्या हातून निसटतो, तेही याद्यांत उतरलं पाहिजे.

‘अमक्याला बाहेर काढा’ हे वाक्य ‘आणि तमक्याला घ्या’ याशिवाय अपुरं आहे. नाव सांगा आणि तो कोणती षटकं टाकेल किंवा कोणते चेंडू खेळेल, तेही सांगा. फॉर्म बघताना धावांसोबत बाद होण्याची पद्धतही बघा. सीमारेषेवर झेल जाऊन तीनदा बाद झालेला फलंदाज आणि आत येणाऱ्या चेंडूवर तीनदा त्रिफळाचीत झालेला फलंदाज, दोघांच्या धावा सारख्याच असल्या तरी पहिल्याला मी आणखी दोन सामने देईन.

पत्ता योग्य मैदानावर पडला की काय होतं ते २०२५ च्या अंतिम सामन्यात दिसलं. अहमदाबादला पंजाब १९१ धावांचा पाठलाग करत होतं. कृणाल पंड्याने चार षटकांत १७ धावा देऊन दोन बळी घेतले, बेंगळुरू सहा धावांनी जिंकलं आणि सामनावीर तोच ठरला. त्याला ५.७५ कोटींत घेतलं होतं. लिलावानंतरच्या मोठ्या नावांच्या चर्चेत हा आकडा कुठेच नव्हता.

नववी पायरी: वादाचे नियम

मोजमाप आधी ठरवा, मग आकडे उघडा. वाद चालू असताना सोयीचा आकडा शोधून आणला की समोरचाही तेच करतो. समोरच्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा आपल्या शब्दांत मांडून दाखवा. त्याने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हटलं की पुढे बोला.

आपल्याला दिसत नाही असंही बरंच असतं. सरावातली दुखापत, गोलंदाजावरचा कामाचा ताण, घरची अडचण. व्यवस्थापनाचा एखादा निर्णय अगदी अनाकलनीय वाटला तर ‘असं काय माहीत असेल तर हा निर्णय बरोबर ठरेल?’ हे एकदा विचारून पाहा. उत्तर सापडलं नाही तर टीका करा, ठणकावून करा.

टीका निर्णयावर करा, माणसाची विटंबना करू नका. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवली गेली तेव्हा विरोधी संघातून खेळणाऱ्या विराट कोहलीने प्रेक्षकांना हातवारे करून थांबायला सांगितलं होतं. कर्णधारपदाचा निर्णय न पटणं समजू शकतं, पण तो मैदानावरच्या खेळाडूवर काढणं मला कधीच मान्य नाही. खेळाडूच्या घरच्यांना तर या सगळ्यात ओढूच नये.

आणि मत लिहून ठेवा. हंगाम सुरू होण्याआधी, तारखेसह: या खेळाडूकडून काय अपेक्षा आहे, या ट्रेडबद्दल काय वाटतं, तुमची अंतिम अकरा कोणती, आणि प्रत्येकाखाली कारण. सात साखळी सामने झाले की वही उघडा आणि पुन्हा चौदानंतर. निकाल जुळला का हे पाहताना कारण जुळलं का तेही तपासा. ‘तो चालेल, कारण मधल्या षटकांत फिरकी खेळतो’ असं लिहिलं असेल आणि तो पॉवरप्लेमध्येच धावा करत असेल, तर पुढच्या हंगामासाठी त्याच्या भूमिकेचं वाक्य नव्याने लिहायला घ्या.